उजनीचे टक्के आणि फ्लेमिंगोंच्या माना

सोलापूरकराला उजनी धरण टक्क्यांत कळतं. ऑगस्ट उजाडला की रिक्षावाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे एकमेकांना विचारतात, ‘उजनी किती झाली?’ आणि उन्हाळ्यात तीच उजनी ‘मायनस’मध्ये जाते. बाहेरगावच्या माणसाला धरण शून्याच्या खाली कसं जातं हे उलगडून सांगावं लागतं. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. टक्के मोजायचे ते वरच्या वापरण्याजोग्या पाण्याचे. तेव्हा शून्य टक्के म्हटलं तरी निम्म्याहून अधिक पाणी जागेवर असतंच. मी भूगोल शिकवते, त्यामुळे ही आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. फ्लेमिंगोंचं वेळापत्रकही याच टक्क्यांवर चालतं, हे मात्र भावाचा कॅमेरा माझ्याकडे आल्यावर समजलं.

फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित, काहीजण अग्निपंखही म्हणतात. उजनीच्या बॅकवॉटरकाठी, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याकाठी, असलेल्या भिगवणला यातलं कुणी काहीच म्हणत नाही, फ्लेमिंगोच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. हा पक्षी उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी बुडवतो आणि जिभेच्या हालचालीने पाणी-गाळ आत ओढून त्यातलं खाणं गाळून घेतो. त्याला पाणी हवं ते पायांच्या मापाचं. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर बॅकवॉटरच्या कडेला बाभळी आणि ऊस पाण्यात उभे असतात, चिखलाचा पट्टाच उघडा पडलेला नसतो. मग रब्बीची आवर्तनं सुटतात, पाणी मागे सरकतं, गाळाची सपाटी दिसायला लागते आणि फ्लेमिंगो उतरतात. २०२३ साली पाऊस दगा देऊन गेला, धरण भरलंच नाही, आणि २०२४च्या जानेवारीतच उजनी मायनसमध्ये गेली. आमच्या घरात पाण्याचे बॅरल वाढले आणि फोटोग्राफीच्या ग्रुपवर आनंदीआनंद. ज्याचं त्याचं गणित.

मी गेले ते धरण भरलेल्या वर्षी, म्हणून डिसेंबरात गेलेच नाही. तोवर सराव गावातच केला. आमच्या कंबर तलावावर वारकरी पक्ष्यांची गर्दी असते. सबंध काळा, चोच आणि कपाळ तेवढं पांढरं. शिवाय बगळे, पाणकावळे, जलपर्णीवर चालणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या. भावाची १५०-६०० लेन्स दोन किलोच्या आसपास भरते. पहिल्या आठवड्यात फोटोंपेक्षा मनगटाचीच काळजी जास्त. पण शिकायला ही जागा सोन्यासारखी, कारण इथले पक्षी माणसांना सरावलेले. लांबच्या लाजऱ्या पक्ष्यावर कॅमेरा शिकायला जाऊ नये. तिथे तो पक्षी कॅमेऱ्याची बटणं शोधायला वेळ देत नाही.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते पांढऱ्या बगळ्याने. जलपर्णीच्या गडद हिरव्यावर बगळा उभा असला की फोटोत त्याचं नुसतं पांढरं भगदाड दिसायचं, पिसं नाहीतच. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम राखाडीला आणून बसवतो. चौकटीत अंधार जास्त असला तर तो सगळंच उजळवतो आणि त्यात बिचारा बगळा जळून जातो. तिथे एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा आत घेतो तो उजेड, मुद्दाम पाऊण-एक स्टॉप खाली आणायचं; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, वर म्हणजे दुप्पट. उलट, धुक्याच्या पांढुरक्या आभाळावर घार उडत असेल तर कॅमेरा तिला कोळसा करून टाकतो. तिथे एक स्टॉप वर. पुस्तकात हे चार ओळींचं आहे. हाताला मात्र तेव्हाच कळतं जेव्हा बगळा उडून आभाळावर जातो आणि अंगठ्याने चाक उलटं फिरवायला अर्धा सेकंद असतो.

हिप्परग्याच्या तलावावर पट्टकादंब पहिल्यांदा नीट बघितले. डोक्यामागे दोन काळ्या आडव्या पट्ट्या असलेला हा हंसाच्या जातीचा पक्षी मंगोलिया, तिबेट, लडाख या भागांत वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. उपग्रहाच्या यंत्रांनी त्याची सात हजार मीटरच्या वरची उड्डाणं टिपलेली आहेत. नववीच्या वर्गात हिमालयाचा धडा घेताना मी आता हाच पक्षी सांगते. मंगोलियात मानेत नंबराचा पट्टा घातलेले काही पट्टकादंब महाराष्ट्र-कर्नाटकात दिसलेले आहेत, म्हणून थवा दिसला की मी एकेक मान तपासते. अजून एकही सापडलेला नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला भिगवणजवळच्या कुंभारगावच्या बोटवाल्या मामांचा फोन आला. “आता या. पर रविवारी नका येऊ. रविवारी हितं जत्रा असती.” मी किरकोळ रजा टाकली आणि आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने भिगवण स्टेशनला उतरले. रात्री मामांच्याच घरी चिलापीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी. चिलापी म्हणजे तिलापिया. जाळ्यात आता तीच जास्त लागते, असं मामा म्हणाले. बाकी उजनीच्या पाण्यावर आम्ही सोलापूरकर काय बोलणार! वरून पुणं सोडतं ते खालून आपण पितो, हा विनोद आमच्याकडे इतका जुना झालाय की त्यावर कुणी हसत नाही. त्याच खतावलेल्या पाण्यात शेवाळं, किडे आणि मासे माजतात आणि पक्ष्यांचं फावतं. ही गोष्ट चांगली की वाईट, हे मला एका वाक्यात सांगता येत नाही.

पहाटे सहाला काठावर. अजून अंधार. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, पण बोट त्याआधीच पाण्यात हवी. पट्टकादंब रात्री शेतांत चरतात, हरभऱ्याचं आणि गव्हाचं नुकसान करतात म्हणून शेतकरी त्यांना शिव्या घालतात, आणि उजाडताना ते थव्याथव्याने पाण्याकडे परततात. त्यांना उडवण्याची गरजच नसते, ते आपणहून डोक्यावरून जातात. फक्त तुम्ही त्याआधी योग्य जागी असायला हवं.

योग्य जागा म्हणजे काय, हे मामांनी ज्या पद्धतीने ठरवलं ते कुठल्याच व्हिडिओत मला सापडलं नव्हतं. ते आधी वाऱ्याकडे बघत होते. पक्षी उतरताना आणि उठताना तोंड वाऱ्याकडे ठेवतो. सूर्य पाठीशी हवा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं; पण वाराही पाठीशी असेल तर उतरणारा थवा तुमच्या समोर येतो, नाहीतर सकाळभर शेपट्यांचे फोटो. त्या दिवशी पूर्वेकडून बारीक वारा होता, म्हणजे दोन्ही गोष्टी जुळून आल्या. मामांनी बोट एका बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला लावली आणि म्हणाले, “आता हितंच. हलायचं न्हाय.”

ट्रायपॉड मी घरीच ठेवला होता. बोटीत त्याचा उपयोग नसतो. बोट डुलली की तो आणि कॅमेरा दोघं डुलतात. आईने जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून दिली होती, तिच्यात ज्वारी भरलेली. बोटीच्या कडेवर ती ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि मी बोटीच्या तळाशीच मांडी घातली. तळाला पाणी होतं, सलवार भिजली, थंडीने गुडघे आखडले. पण पाण्यालगत बसल्याने पक्षी डोळ्याच्या पातळीवर येतो आणि मागचा काठ लांब पुसट होऊन जातो. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी पाण्यावर ठेवलेल्या वस्तूसारखा दिसतो. थंडीची अजून एक खोडी: मफलर नाकापर्यंत घेतला की श्वास वर जाऊन व्ह्यूफाइंडर धुरकटतो. शेवटी मफलर काढून लेन्सला गुंडाळला.

मग आवाज आला. पट्टकादंबांचा थवा दिसण्याआधी ऐकू येतो, नाकातून बोलल्यासारखा. शटर १/२००० सेकंदावर, एक्सपोजर एक स्टॉप वर. थवा उजवीकडून वळला, सूर्य नुकताच बाभळींच्या वर आला होता, आणि पंखांच्या खालच्या बाजूवर तो पिवळा उजेड पडला. हिवाळ्यात सूर्य कलता असतो, त्यामुळे हा उजेड उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. पण त्या दिवशी तेही पुरलं नाही, कारण एकामागून एक थवे येतच राहिले आणि जुन्या कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत ठेवायची जागा, भरून तो मख्ख बसला. तेव्हा मी नुसतं बघितलं. बरं वाटलं.

साडेसातच्या सुमाराला मामांनी बोट फ्लेमिंगोंकडे वळवली. इंजिन बरंच आधी बंद केलं आणि लांब बांबू हातात घेतला. तळ टेकत, बोट ढकलत, सरळ न जाता तिरकी. थव्यावर रोख धरून बोट गेली की पक्ष्याला ती चाल करून आल्यासारखी वाटते. तिरकी गेली तर आपण आपल्या वाटेने चाललोय असं दिसतं. थोडं पुढे जायचं, थांबायचं. परत थोडं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तसं मामा हळूच म्हणाले, “ताई, आधी माना बगा. फोटू मागनं.”

माना. पन्नास-साठ फ्लेमिंगो चोची पाण्यात बुडवून सरकत होते. म्हणजे सगळं ठीक. कडेच्या दोघांनी मान वर केली. मामांनी बांबू तिथेच रोवला. अजून दोघांनी केली. आम्ही पुतळे. थोड्या वेळाने पहिल्या दोघांनी पुन्हा चोच बुडवली आणि मामांनी बोट जेमतेम हातभर पुढे घेतली. पुढे कधीतरी अशी वेळ आली की निम्म्याहून जास्त माना वर, आणि कडेचे पक्षी आमच्यापासून लांब चालू लागले. उडत नव्हते, चालत होते. मामांनी काहीही न बोलता बोट मागे घेतली. पहिली मान, मग चालणं, मग पाण्यावर धावणं आणि उड्डाण, असा तो क्रम असतो. फ्लेमिंगोला जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावर पळत वेग घ्यावा लागतो, आणि दिवसभर गाळ चाळून मिळवलेलं त्यात खर्च होतं. आपली हद्द चालण्याच्या आधी संपली पाहिजे. ६०० एमएमची लेन्स घेतल्यावर पक्षी मोठा दिसतो, पण आपण किती जवळ जायचं ते लेन्स ठरवत नाही. ते समोरचा थवा ठरवतो, आणि मामांना ते वाचता येत होतं.

डाव्या अंगाला दुसरी एक बोट इंजिनासकट आली. त्यात चारेक जण, सगळ्यांकडे माझ्यापेक्षा भारी लेन्स. बोट सरळ थव्यावर गेली, थवा धावला आणि उठला. उभा फ्लेमिंगो पांढराच जास्त दिसतो; पंख उघडले की आतला लाल आणि काळा रंग एकदम बाहेर येतो. तो रंग सगळ्यांनाच हवा असतो. बोटीतून टाळ्यांचा आवाज आला. आम्ही इतका वेळ मुंगीच्या पावलाने मिळवलेलं अंतर एका मिनिटात गेलं. मी चिडून मामांना म्हटलं, तुम्ही लोक हे थांबवत का नाही? ते म्हणाले, “मी न्हाय उडवत. मग काही गिऱ्हाईक फुडच्या टायमाला दुसऱ्याची बोट धरतं. चार महिन्याचा धंदा हाय ताई.” यावर मला उत्तर सुचलं नाही. मी इतकंच ठरवलं की फोनवर बोट ठरवतानाच सांगायचं: मला उडताना फोटो नको, वेळ लागला तरी चालेल. गिऱ्हाइकानेच तसं सांगितलं की बोटवाल्याचं काम सोपं होतं, हे मामांनीही कबूल केलं.

थवा लांब जाऊन पुन्हा उतरला. आम्ही तिकडे गेलो नाही. शेजारीच एक छोटा गट राहिला होता, त्यात दोन-तीन करडी पिल्लं. पिल्लं म्हणजे उंचीने मोठीच, पण रंग अजून चढलेला नाही. तो खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे वर्षागणिक चढत जातो. माझ्या फोटोंतली ही पिल्लं बघून शाळेत मुलांनी विचारलं होतं, “बाई, हे आजारी आहेत का?” या गटाजवळ आम्ही बराच वेळ नुसते बसलो. शेकाटे बोटीच्या पुढून चालत गेले. एक कवड्या खंड्या जाळ्याच्या काठीवर बसून पाण्यावर सूर मारत होता. आणि मग एका फ्लेमिंगोने खाणं थांबवलं, पिसं साफ केली आणि आळस दिला: एक पाय मागे आणि त्याच बाजूचा पंख पूर्ण उघडा. लाल, काळा, सगळं. पोट भरून निवांत झालेला पक्षी हे आपणहून करतो. त्या दिवसातला माझा एकमेव ठेवण्यासारखा फ्लेमिंगोचा फोटो तोच. शटर १/५०० होतं, एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली, आणि पांढऱ्यातली पिसं सुटी सुटी दिसतात. बगळ्याची कृपा.

नऊनंतर लांबचे पक्षी फोटोत मऊ यायला लागले. आधी मी काच पुसली, मग फोकस तपासला. दोष कशाचाच नव्हता. ऊन चढलं की गाळाच्या सपाटीवरची हवा थरथरते, आणि लांब लेन्स ती सगळी थरथर गोळा करते. पहाटे थंड हवेत कोमट पाण्यावरही हेच होतं, फक्त कमी. यावर दुरुस्ती नाही. लांबचं सोडायचं आणि जवळचं टिपायचं. जवळ होते ते कुरव, म्हणजे सीगल. एका पर्यटकांच्या बोटीतून कुणी शेव उधळत होतं आणि कुरव तिच्या मागे घिरट्या घालत होते. कुरवाने शेव खावी असं मला वाटत नाही, पण उडत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवायचा सराव तिथे फुकट मिळाला, हेही खरं.

घरी आल्यावरचं काम बाहेरच्या कामापेक्षा मोठं निघालं. फोटो चाळायला एक शनिवार-रविवार गेला. माझी चाळणी तीन प्रश्नांची: डोळा धारदार आहे का, पक्षी काहीतरी करतोय का, आणि बोट जवळ आल्यामुळे तो दचकलेला दिसतोय का. तिसऱ्या प्रश्नाने बरेच सुंदर फोटो गेले. मान ताठ, शरीर वळलेलं, एक पाय उचललेला. नवख्याला तो फोटो डौलदार वाटेल, पण मला त्यात आमची बोटच दिसते. उरलेल्यांतले काही मामांना पाठवले. त्यांनी फ्लेमिंगोचा एकही घेतला नाही. खंड्या ज्या काठीवर बसला होता ती त्यांच्या पुतण्याच्या जाळ्याची, म्हणून तो फोटो स्टेटसला लावला.

पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर यादी भरताना कुरवांपाशी गाडी अडली. हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं तपकिरी नसतं आणि काळ्या डोक्याच्याचं काळं नसतं. दोघांच्याही डोळ्यामागे नुसता एक डाग. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, त्यावरून बहुतेक सुटले. एकाचा डोळा मात्र गडद. ग्रुपवर दोन तट पडले. माझ्याकडे त्याचे तीन चांगले फोटो होते, पाण्यावर बसलेला, चोच-डोळा सगळं धारदार, आणि तिन्ही निरुपयोगी, कारण मिटलेल्या पंखात काही दिसत नाही. मग चाळणीत टाकलेल्यांत पुन्हा शोधलं. एका चौकटीत त्याचं डोकं कापलं गेलेलं, अर्धी चौकट आभाळाची, पण पंख पूर्ण उघडा: टोक भरीव काळं, आणि पुढच्या कडेची पांढरी पट्टी टोकापर्यंत पोहोचलेली नाही. म्हणजे पहिल्या हिवाळ्यातला, तपकिरी डोक्याचाच. या वयात डोळा गडद असतो आणि पंखाच्या टोकावरचे पांढरे ठिपके अजून आलेले नसतात. दोन्ही तटांनी मान्य केलं. यादीसोबत बिनडोक्याचा तोच फोटो चढवला.